जेसीबीच्या आधी माणूस

भिवंडी तालुक्यात जमीन गोदामाला द्यायची ठरली की घरात दोन प्रश्न निघतात. पहिला उघडपणे विचारला जातो. बांधावरची चिंच ठेवायची असं कंत्राटदाराला सांगितलं होतं, त्याने तिच्या बुंध्याला हातही लावला नाही, मग दोन-तीन पावसाळ्यांत ती वाळली कशी? दुसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो. खणताना जुनं काही निघालं तर जागा सरकारजमा होते का?

वरवर पाहता एक प्रश्न वनस्पतीशास्त्राचा आणि दुसरा पुरातत्त्वाचा. पण दोन्हींची उत्तरं जमिनीच्या वरच्या मीटर-दीड मीटरच्या थरात सापडतात. झाडाची बहुतेक मुळं याच थरात असतात, आणि जुन्या वस्तीच्या खापऱ्या, विटा, नाणी, पायाचे दगडही अनेकदा याच थरात असतात. बांधकामाचा पहिला दिवस असतो तो हा थर खरवडण्याचा. पोकलेन फिरून गेलं की दोन्हींची गोष्ट बऱ्याच अंशी संपलेली असते आणि जागेवर अजून प्लिंथसुद्धा चढलेली नसते.

१. भिवंडीच्या मातीत असणार तरी काय?

यंत्रमाग, गोदामं आणि महामार्गावरची ट्रकांची रांग, एवढीच भिवंडीची ओळख बाहेरच्यांना असते. पण या तालुक्याच्या आजूबाजूला नजर टाकली तर चित्र बदलतं. पश्चिमेला सोपारा, दक्षिणेला ठाणे आणि कल्याण, अशा तीन जुन्या व्यापारी ठिकाणांच्या मधे हा प्रदेश आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख येतो. ठाणे, म्हणजे तेव्हाचं स्थानक, ही उत्तर कोकणच्या शिलाहार राजांची राजधानी. माल उतरवायचा, साठवायचा आणि घाटावर पाठवायचा, हा धंदा या भागाला आज लागलेला नाही.

तालुक्यातलं लोनाड गाव घ्या. तिथल्या डोंगरात बौद्ध लेणं आहे, लोक त्याला खंडेश्वरीचं लेणं म्हणतात. गावात शिलाहारकाळातलं शिवमंदिर आहे. शके ११०६चा, म्हणजे इ.स. ११८४चा, अपरादित्य राजाचा शिलालेख इथलाच. शेजारच्या चौधरपाड्याचा शिलाहार राजा केशिदेवाचा लेख शके ११६१चा, म्हणजे इ.स. १२३९चा. त्याहून जुना पुरावा भादाणे गावाचा आहे. इ.स. ९९७च्या ताम्रपटात शिलाहार राजा अपराजित याने भादाणे हे गाव लोनाडच्या सूर्यदेवाला, लोणादित्याला, दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे आज ज्या गावांच्या सातबाऱ्यावर गोदामांचे करार होतात, त्यांतल्या एकाचा हजार वर्षांपूर्वीचा जमीनव्यवहारही आपल्याला माहीत आहे. महाराष्ट्रातल्या किती गावांना हे सांगता येईल?

याच तालुक्यात आता कामांची गर्दी उसळली आहे. समृद्धी महामार्ग आमण्याला येऊन संपतो, त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला. अहमदाबादच्या बुलेट ट्रेनचा डेपो अंजूर-भरोडीला होतो आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो आहे. आणि या सगळ्यांच्या मधल्या भातखाचरांत मुरमाचा भराव टाकून उभी राहणारी गोदामं आहेत. सरकारी प्रकल्पांची निदान कागदपत्रं होतात. खाचरातल्या गोदामाआधी तिथे काय होतं, हे बघायला बहुधा कुणीच फिरत नाही.

२. न तोडता झाड कसं मरतं?

झाडाची मुळं जमिनीवरच्या फांद्यांइतकीच खोल, सरळ खाली जातात, अशी आपली समजूत असते. शाळेच्या पुस्तकातलं चित्रही तसंच असतं. प्रत्यक्षात मोठ्या झाडाची बारीक, पाणी शोषणारी मुळं बहुतांशी वरच्या साठ सेंटिमीटरमध्ये असतात आणि आडवी, फांद्यांच्या सावलीच्याही बाहेर पसरलेली असतात. कारण साधं आहे. मुळांना श्वास घ्यावा लागतो आणि हवा वरच्या भुसभुशीत मातीत असते.

भुसभुशीत मातीच्या आकारमानाचा जवळपास निम्मा भाग पोकळ्यांचा असतो. त्यांतून हवा आणि पाणी फिरतं. त्या मातीवरून भरलेला डंपर चार वेळा गेला की पोकळ्या दबतात. मुळं तुटत नाहीत, गुदमरतात. झाडाच्या खोडात आणि जाड मुळांत अन्नाचा साठा असतो. त्यावर ते एखाद-दोन वर्षं पालवी धरतं आणि मग शेंड्याकडून वाळायला लागतं. तोवर कंत्राटदाराचं अंतिम बिल निघालेलं असतं. त्यामुळे ‘आमच्या कामाने झाड मेलं नाही’ असं त्याने म्हटलं, तर त्याचं म्हणणं खोडून काढणारा कुणी हजर नसतो.

दुसरं कारण भराव. सखल खाचर रस्त्याच्या पातळीला आणताना बुंध्याभोवती मुरूम येतो. वीतभर भरावसुद्धा जुन्या झाडाला जड जाऊ शकतो, इथे तर पुरुषभर टाकला जातो. मग कुणीतरी दयाळूपणे बुंध्याभोवती विटांचं गोल कडं बांधतो आणि झाड वाचवल्याचा फोटो काढतो. तिसरं कारण केबल आणि गटाराचे चर. एका बाजूने सलग चर खणला की त्या बाजूची मुळं गेली आणि झाडाचा आधारही गेला. पहिल्या वादळात ते पडलं की दोष वाऱ्यावर जातो. चौथं, सिमेंट कालवलेलं पाणी बुंध्याशी ओतणं. ते अल्कधर्मी असतं आणि बारीक मुळांना जाळतं.

शहरात याचीच आवृत्ती म्हणजे पेव्हर ब्लॉक. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचे आदेश दिले होते. एक मीटर म्हणजे मोठ्या झाडाच्या दृष्टीने काहीच नाही, पण तेवढंही मिळणं अवघड होतं म्हणून तर लवादाकडे जावं लागलं.

३. किती जागा सोडायची? एक हिशेब

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या बांधकाम मानकांत यासाठी एक सोपा नियम आहे. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजायचा, त्याला बाराने गुणायचं. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ ही झाडाची राखीव जागा. व्यास मोजणं अवघड म्हणून घेर मोजा आणि त्याला चाराने गुणा. उत्तर थोडं जास्त येतं, पण झाडाच्या बाजूने.

समजा, बांधावरच्या चिंचेचा घेर ३ मीटर आहे. व्यास झाला सुमारे ९५ सेंटिमीटर. बाराने गुणलं की त्रिज्या साधारण साडेअकरा मीटर. या वर्तुळाचं क्षेत्रफळ भरतं सुमारे ४१५ चौरस मीटर, म्हणजे चार गुंठ्यांहून थोडं जास्त.

भिवंडीत चार गुंठे ऐकून मालकाच्या पोटात गोळा येणार, हे उघड आहे. पण मोठ्या भूखंडावर सामासिक अंतर आणि मोकळी जागा सोडावीच लागते. प्रश्न असतो तो मोकळी जागा कुठे सोडायची हा, आणि तो ठरतो नकाशा कागदावर असताना. झाडांच्या जागा मोजून आधी नकाशावर मांडल्या तर वास्तुरचनाकार गोदाम दहा मीटर सरकवू शकतो. पाया भरल्यावर सरकवायला काही उरत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. ही मोकळी जागा ट्रक उभे करायला वापरली तर ती सोडून उपयोग नाही.

वर्तुळ आखल्यावर त्याभोवती पत्र्याचं किंवा बांबूचं पक्कं कुंपण लागतं, आणि ते पहिलं यंत्र साइटवर येण्याआधी लागतं. लाल-पांढरी फीत वाऱ्याने किंवा पहिल्याच डंपरने तुटते. वर्तुळातून चर न्यायलाच हवा असेल तर हाताने, कुदळीने खणायचा आणि मनगटाहून जाड मूळ लागलं की जाणकाराला विचारल्याशिवाय तोडायचं नाही. पाइप मुळाखालून सरकवता येतो.

रस्त्याच्या बाबतीतही असं वळण घेता येतं. सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातल्या भोसे गावात रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या रेषेत सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड येत होता. २०२०मध्ये गावकरी आणि पर्यावरणप्रेमी उभे राहिले, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिलं आणि रस्त्याची आखणी बदलण्याचा निर्णय झाला. एका वडासाठी राष्ट्रीय महामार्ग वळू शकतो, तर गोदामाची भिंत का वळू नये?

४. कायदा काय म्हणतो?

गावात आणि शहरात वेगवेगळं. ग्रामीण भागात प्रामुख्याने १९६४चा वृक्षतोड विनियमन कायदा लागतो. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, साग अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. महापालिकेच्या हद्दीत १९७५चा नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायदा आणि वृक्ष प्राधिकरण. या कायद्यात २०२१मध्ये मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं आणि त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज वृक्ष’ ठरलं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावण्याची अट आली. ऐंशी वर्षांचा आंबा तोडला तर ऐंशी रोपं. ती लावायला जागा कुठली, हा पुढचा प्रश्न. खाडीकाठच्या खारफुटीची गोष्ट आणखी वेगळी. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने तिच्यासह भोवतालच्या पन्नास मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिलं आहे.

कायद्याचं लक्ष मुख्यतः तोडण्यावर आहे. दुसऱ्या भागात पाहिलेलं सावकाश गुदमरणं पंचनाम्यात येत नाही. म्हणून परवानगीच्या कागदापेक्षा कुंपणाचा पत्रा झाडाच्या जास्त कामाचा.

तोडण्याऐवजी पुनर्रोपण करू, हे आश्वासन आता सर्रास मिळतं. मुळांचा पसारा किती असतो हे पाहिल्यावर वाचकाच्या लक्षात येईल की जेसीबीने उपटलेल्या मोठ्या झाडासोबत त्यातला अगदी थोडा भाग जातो. मुंबई मेट्रोच्या कामात हलवलेली अनेक झाडं जगली नाहीत.

५. मातीतला पुरावा म्हणजे फक्त मूर्ती नव्हे

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. जमिनीत ‘काही निघणं’ म्हणजे हंडा किंवा देवाची मूर्ती, असं लोकांच्या डोक्यात असतं. अभ्यासकाला त्याहून महत्त्वाची वाटते ती वस्तू कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होती ही गोष्ट. घरातल्या रद्दीच्या गठ्ठ्यात सर्वांत खालचा पेपर सर्वांत जुना, आणि मधे ठेवलेली पावती कधीची ते वरखालच्या पेपरांवरून कळतं. गठ्ठा उधळला की पावती हातात राहते, पण तारीख जाते. पोकलेनचं एक फावडं जमिनीच्या बाबतीत नेमकं हेच करतं.

नालासोपाऱ्याचं उदाहरण बोलकं आहे. तिथे ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखलं जाणारं एक टेकाड होतं. १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते पद्धतशीर उकललं, तेव्हा आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी, तिच्यात एकात एक करंडक, भोवती आठ बुद्धमूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. याच गावात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि जवळच्या भुईगावात १९५६मध्ये नवव्याचा. आज एखाद्या विकासकाच्या माणसाने ते टेकाड पाहिलं असतं, तर ‘भरावाला फुकटची माती’ म्हणून ट्रकांत भरलं असतं.

झाडाखाली वारसा असल्याची कथा तर थेट दायमाबादची. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९७४मध्ये एक भिल्ल शेतकरी झुडपाचं मूळ खणत होता. कुदळीला चार भरीव कांस्यशिल्पं लागली: बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळी मिळून साठ किलोंहून जास्त वजनाची. ती नेमकी किती जुनी, यावर अभ्यासकांचा वाद पुढे बराच काळ चालला. वादाचं एक कारण हेच की ती एखाद्या उत्खननात, ठरलेल्या थरातून आलेली नव्हती.

कोकणात आणखी एक गोष्ट नेहमी दिसते. जुन्या वडा-पिंपळाखाली, गावदेवीपाशी शेंदूर फासलेले दगड असतात. त्यांतला एखादा वीरगळ, म्हणजे वीराचा स्मृतिदगड असतो, एखादा गधेगळ. गधेगळ म्हणजे दानाचा लेख कोरलेला दगड. वर चंद्र-सूर्य आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेली, गाढवाच्या चित्राची अर्वाच्य शिवी. लोनाडचे लेख याच परंपरेतले. शिलाहारांना जमीन बळकावणाऱ्यांचा स्वभाव पुरता ठाऊक होता, असं म्हणायला हरकत नाही. झाडासाठी आखलेलं वर्तुळ अशा ठिकाणी दगडांनाही आपसूक सांभाळतं.

६. निघालंच तर?

काम त्या जागेपुरतं थांबवायचं. वस्तू उचलायची, धुवायची, घासायची नाही. फोटो काढायचा आणि तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय पुढचं बघतं.

कळवलं नाही तर काय होतं, हे पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत दिसलं. तिथे बांधकामाच्या खोदाईत सोन्याची नाणी निघाली आणि ती परस्पर लपवली गेली. मार्च २०२१मध्ये पोलिसांनी ती शोधून काढली. २१६ नाणी, वजन २,३५७ ग्रॅम, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. पुढे चौकशी आली. नाण्यांच्या शेजारी आणखी काय होतं, हंडा कुठे, कुठल्या थरात होता, ही माहिती मात्र पोलीसही परत आणू शकत नाहीत.

लागू असलेला कायदा १८७८चा, भारतीय निखात निधी अधिनियम. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की ज्याला ती सापडली त्याने ते जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं तर? कुणी जुना हक्कदार पुढे आला नाही आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर चारातले तीन हिस्से शोधणाऱ्याचे आणि एक मालकाचा. समजा ठेव्याची किंमत १ लाख ठरली. मजुराला ७५ हजार, मालकाला २५ हजार. सरकारला तो ठेवा स्वतःकडे हवा असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त, म्हणजे लाखाच्या धातूला १ लाख २० हजार, द्यावे लागतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कायद्याने बिगाऱ्याला मालकाच्या तिप्पट वाटा दिला, हे बिगाऱ्याला कुणी सांगत नाही.

आणि जमीन? दोन खापऱ्या निघाल्या म्हणून ती जात नाही. एखादं ठिकाण राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक ठरवायचं तर १९५८च्या कायद्याप्रमाणे आधी दोन महिन्यांची सूचना काढावी लागते आणि हरकती ऐकाव्या लागतात. केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर बांधकामबंदी आणि पुढे दोनशे मीटर परवानगीचा पट्टा असतो हे खरं. तो जाहीर झालेल्या स्मारकाला लागतो, नुकत्याच निघालेल्या विटेला नव्हे. ‘सांगितलं की जागा गेली’ या अफवेने जितका पुरावा भरावात गेला असेल, तितका चोरांनीही नेला नसेल.

७. भराव वाईटच का?

इथे झाड आणि वारसा यांच्या वाटा वेगळ्या होतात. भराव झाडाला मारतो, पण गाडलेल्या अवशेषाला तो कधी कधी वाचवतो. लंडनमध्ये १९८९ साली कार्यालयाच्या इमारतीसाठी खणताना १५८७ साली बांधलेल्या ‘रोझ’ नाट्यगृहाचा पाया सापडला. शेक्सपिअरची सुरुवातीची नाटकं इथे झालेली. नट रस्त्यावर उतरले, गदारोळ झाला. शेवटी अवशेषांवर वाळूचा ओला थर आणि वर काँक्रीटचं संरक्षक आच्छादन घातलं गेलं आणि इमारतीचे खांब बदलून ती त्यावर उभी राहिली. इमारतही झाली, नाट्यगृहही राहिलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या नियोजन नियमांत बदल झाला. बांधणाऱ्यानेच आधी जमिनीची पुरातत्त्वीय तपासणी करायची आणि खर्चही सोसायचा, अशी पद्धत रुळली.

लंडनच्या त्या आच्छादनात आणि आपल्याकडच्या मुरमात फरक एवढाच की तिथे खाली काय आहे ते नोंदवून मग झाकलं. इथे न बघता झाकतात, आणि तेही माती खरवडून, रोलर फिरवून.

आपल्याकडे खासगी गोदामावर अशी सरसकट सक्ती नाही. ती येईल तेव्हा येईल. तोवर भिवंडीतल्या जमीनमालकाच्या हातात एक कागद आहेच, विकासकाशी होणारा करार. त्यात तीन कलमं घालून घ्या. यंत्र येण्याआधी गावातला जाणता माणूस आणि इतिहासाचा किंवा पुरातत्त्वाचा एक अभ्यासक मिळून जमीन फिरतील, झाडं, दगड आणि टेकाडं नकाशावर मांडतील. घेराच्या चौपट त्रिज्येच्या वर्तुळाभोवती कुंपण पडेल आणि तिथे भराव येणार नाही. खोदाईत काही निघालं तर तेवढ्या जागेचं काम थांबेल आणि कळवणाऱ्या मजुराची हजेरी कापली जाणार नाही. शेवटचं कलम सर्वांत स्वस्त आहे आणि त्यावरच सर्वांत जास्त अवलंबून आहे, कारण जमिनीतली वस्तू पहिल्यांदा दिसते ती बिगाऱ्यालाच.